पंधरा की पन्नास

प्रियदर्शनी आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिच्या कानांची परीक्षा मीच घेतली होती. १९९९ सालचा फेब्रुवारी. बिबवेवाडीत एका फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत फोनवर बोलून ठेवत. ते आवाज रातोरात इकडे यायचे. आमच्या मुली कानाला हेडफोन लावून ऐकायच्या, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करायच्या आणि शब्दन्‌शब्द टाइप करायच्या. तिकडचे डॉक्टर झोपून उठेपर्यंत त्यांचे कागद तयार असायचे.

माझं काम त्या कागदांतल्या चुका पकडायचं. त्याआधी बावीस वर्षं मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकांची प्रुफं वाचत होते. मग छापखान्यात कॉम्प्युटर आले आणि छपाईच्या शिशाच्या खिळ्यांबरोबर मलाही निरोप मिळाला. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा उमेदवार झाले. ऑफिसातल्या सगळ्या मुली मला वेणूताई म्हणायच्या, आणि माझ्या मागे काय म्हणायच्या तेही मला माहीत होतं.

प्रियदर्शनी पुसदकडची. बी.एस्सी. झालेली, वय चोवीस, लग्न होऊन पुण्यात आलेली. नवरा शंभू भोसरीला एका कारखान्यात होता. विश्रांतवाडीत दोन खोल्या, दीड वर्षाची मुलगी श्रद्धा. सकाळी सातच्या शिफ्टला पोचायला ती सव्वापाचला घर सोडायची आणि दोन बस बदलायची. परीक्षेत मी तिला मुद्दाम एक अवघड टेप दिली. टेक्सासचा कुठलासा डॉक्टर, तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. तिने तीनदा ऐकलं आणि एकही चूक न करता कागद माझ्यापुढे ठेवला.

"कुठे शिकलीस हे इंग्रजी?" मी विचारलं.

"इंग्रजी नाही येत जी मला एवढं," ती म्हणाली. "ऐकू येते बस."

वर्षभरात ती आमची सर्वांत चांगली टायपिस्ट झाली. शंभर ओळींत एक चूक चालायची. तिची हजारातही निघायची नाही. मी तिच्या फाइली तपासायला घेतल्या की मला विश्रांती मिळाल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे तर मी तिच्या फाइली ऐकतच नसे. नुसती नजर फिरवायची, स्पेलिंग बघायची आणि पुढे पाठवायची. मला वाटायचं, हा माझा तिच्यावरचा विश्वास आहे.

२००१च्या ऑक्टोबरमध्ये एक फाइल परत आली. मधुमेहाच्या पेशंटचा डिस्चार्जचा कागद होता. डॉक्टर म्हणाला होता, इन्सुलिनचे पंधरा युनिट. कागदावर पन्नास होते. इंग्रजीत त्या दोन शब्दांत एका न-काराचाच फरक, आणि त्या डॉक्टरने तो न गिळला होता. तिकडच्या नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. पेशंटला काहीही झालं नाही. पण तिकडून खरमरीत पत्र आलं आणि आमचा मॅनेजर इंद्रजीत याने आम्हा दोघींना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. इंद्रजीत तीस वर्षांचा, एमबीए, टाय लावणारा. वाईट मुलगा नव्हता. घाबरलेला होता.

"पन्नास म्हणजे काय, माहीत आहे ना? माणूस मेला असता," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि मॅडम, तुम्ही ऐकलं होतं ना हे?"

मी म्हणाले, "हो. मलाही पन्नासच ऐकू आलं."

एवढंच वाक्य. मी ती फाइल ऐकली नव्हती. ऐकली असती तर चूक सापडली असती की नाही, कोण जाणे. पण माझं वय, उतारवयात मिळालेली नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेले वडील, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि तोंडातून खोटं बाहेर पडलं. प्रियदर्शनीने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तिला वाटलं, मी तिला वाचवते आहे.

त्यानंतर ती बदलली. आधी आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, उतरेल. ती प्रत्येक आकडा पाच-पाच वेळा ऐकू लागली. शिफ्ट तीनला संपायची, ती साडेचारपर्यंत बसायची. बसस्टॉपवर गेलेली परत जिना चढून यायची आणि म्हणायची, "वेणूताई, ती अकरा नंबरची फाइल एकदा काढता का? मी मिलिग्रॅम लिहिलं की मायक्रोग्रॅम?" मी काढून दाखवायचे. मिलिग्रॅमच असायचं. ती "बरं" म्हणून जायची आणि स्वारगेटवरून पीसीओतून फोन करायची.

मग छाती धडधडायला लागली. बंडगार्डनच्या पुलावर बस अडकली की तिला वाटायचं, आता आपण इथेच मरणार. ती दोनदा चालत्या बसमधून उतरण्यासाठी दारापर्यंत गेली. पहिल्यांदा कंडक्टरने दंड धरला. दुसऱ्यांदा एका बाईने आपली जागा दिली आणि पदराने वारा घातला. तिने ईसीजी काढला. नॉर्मल. दुसरीकडे काढला, तोही नॉर्मल. वर्षभरात सात ठिकाणचे सात कागद जमले. ते ती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रोज पर्समध्ये न्यायची. हृदयाचे ठोके नियमित आहेत, हे इंग्रजी वाक्य तिने लोकांसाठी हजारदा टाइप केलेलं. स्वतःच्या कागदावरच्या त्याच वाक्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"डॉक्टरांनापण पन्नास ऐकू येऊ शकते ना," ती एकदा मला म्हणाली.

मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

ध्यान तिच्या आयुष्यात आलं ते कंपनीमुळे. २००३ साली कुठल्याशा वरिष्ठाच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांवर ताण आहे. म्हणजे ताण कमी करावा असं नव्हे, ताणाचं व्यवस्थापन करावं. एका शनिवारी ट्रेनर आला. आम्हा अठ्ठावीस जणांना सतरंजीवर बसवलं, मंद बासरी लावली आणि सांगितलं, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. श्वास आत येतोय, बाहेर जातोय.

दोन मिनिटांत प्रियदर्शनी उठली आणि बाथरूमकडे धावली. मी मागे गेले. ती बेसिनला धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

"श्वासाकडे पाहिलं तर तो थांबला," ती म्हणाली. "आता मलेच घ्यावा लागते. मी विसरली तर?"

घाबरली की तिची भाषा पुसदला परत जायची.

ट्रेनर जाताना मला म्हणाला, सुरुवातीला होतं असं, करत राहायला सांगा. तिनेही ते मनावर घेतलं. सगळ्यांना ज्याने बरं वाटतं त्याने मला त्रास होतो, म्हणजे माझ्यातच काहीतरी मोडलंय, असं तिच्या मनाने घेतलं. तिने सीडी आणली, पुस्तकं आणली. पहाटे श्रद्धा उठायच्या आत गॅलरीत बसायची आणि घामाने भिजून उठायची. रोज भीतीची शिकवणी लावल्यासारखं चाललं होतं. शंभू बिचारा तिच्या शेजारी बसायचा आणि पाच मिनिटांत घोरायचा. तिला त्याचा हेवा वाटायचा.

२००४च्या जानेवारीत ती दहा दिवसांच्या एका निवासी शिबिरात गेली. पूर्ण मौन, दिवसाचे दहा तास ध्यान. तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. फॉर्मवर विचारलं होतं, मनाचा काही आजार आहे का, आणि हिने "नाही" लिहिलं होतं. तिच्या लेखी हा हृदयाचा आजार होता.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता माझ्या दाराची कडी वाजली. मी रजेवर होते, वडिलांना भरवत होते. दारात प्रियदर्शनी, हातात पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. एक तिची, एक कोणाची तरी.

"घरी नाही गेली मी," ती म्हणाली. "शंभूला काय तोंड दाखवू? त्यांनी दहा दिवस रजा घेतली पोरीसाठी."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला. तिसऱ्या दिवसापासून तिला झोप नव्हती. डोळे मिटले की आपलं शरीर आपलं नाही असं वाटायचं, छातीत कोणी दुसराच श्वास घेतोय असं वाटायचं. तिथल्या बाईंनी प्रेमाने समजावलं, थांबायला सांगितलं. ही मागच्या फाटकातून निघाली आणि हायवेवर येऊन एसटीला हात केला.

"शेवटचा उपाय होता हा," ती म्हणाली. "ज्याच्याने सगळे बरे होतात त्याच्यानेपण मी नाही झाली. आता काय उरलं?"

मी तिच्या हातातला पेला काढून घेतला.

"मला मरायचं नाही जी, ताई. मरायचीच तर भीती वाटते. पण हे असं रोज, हे नाही होत आता. एसटी घाटात होती तेव्हा मनात आलं, ही पडली तर सुटू. बाकीच्या लोकांचा विचारपण नाही आला मला. असा कसा विचार आला?"

आतून वडील हाक मारत होते. मी त्यांच्याकडे गेले, त्यांचं तोंड पुसलं आणि तिथेच दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर माझ्या खुर्चीत एक बाई बुडत होती आणि तिला पाण्यात ढकलणाऱ्या हातांपैकी एक माझा होता. तरीही मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. सांगण्याची ही वेळ नाही, असं मी स्वतःला बजावलं. ते खरंही होतं आणि सोयीचंही.

मी शंभूला फोन केला. तो तासाभरात आला, श्रद्धेला हाताला धरून. बायकोपुढे बसला आणि तिच्या पायातली ती परकी चप्पल काढून बाजूला ठेवली.

"दहा दिवस काहून पायजेत," तो म्हणाला. "चार झाले ना. चार बी लय झाले."

त्या संध्याकाळीच वडिलांना आणि श्रद्धेला शेजारणीवर सोपवून आम्ही तिघं टिळक रोडवरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आजाराचं नाव सांगितलं, गोळी लिहून दिली आणि काही महिने डोळे मिटून बसू नका असं स्पष्ट सांगितलं. गोळीचंही तिला जमेना. त्या औषधाचे सगळे दुष्परिणाम तिने पाच वर्षं टाइप केले होते. कोणत्या डॉक्टरच्या कोणत्या पेशंटला काय झालं, हे तिला त्यांच्या उच्चारांसकट आठवायचं. शंभू रोज रात्रीच्या जेवणानंतर गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा आणि समोर बसून राहायचा. कधी तास लागायचा. तो कधी घाई करत नसे.

तीन-चार महिन्यांनी तिला झोप लागू लागली. बसमधून ती पुन्हा येऊ-जाऊ लागली. पण भीती होतीच, फक्त तिचा आवाज कमी झाला होता. तेव्हा मला मुक्ताई आठवल्या.

मुक्ताई आमच्या गल्लीतल्या. सरकारी इस्पितळातून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत त्या संध्याकाळी पाच-सहा बायकांना घेऊन बसायच्या. भजन नाही, प्रवचन नाही, फी नाही. मी प्रियदर्शनीची हकीकत त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना? डॉक्टरांना विचारून ये. ते हो म्हणाले तर आण तिला." डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं चालेल, डोळे उघडे ठेवून.

पहिल्या दिवशी प्रियदर्शनी दारातच थांबली. खाली गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती, पिठाचा वास जिन्यात भरला होता.

"इथे शांतता नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "शांतता हवी असेल तर दुसरीकडे जा. इथे दळण चालतं."

मग त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. "श्वासाच्या वाटेला जायचं नाही. त्याला त्याचं काम येतं. पाय जमिनीवर टेक. काय लागतंय तळव्यांना?"

"हादरा बसून राहिला."

"बस. तेवढंच. तीन मिनिटं."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटेल. वाटली की मला सांग, आली म्हणून. गेली का ते बघत बसायचं नाही. मी तीस वर्षं पेशंट पाहिलेत. जो दर पाच मिनिटांनी ताप बघतो त्याचा ताप चढतोच."

तीन मिनिटांत तिने चारदा "आली" म्हटलं. सिस्टर प्रत्येक वेळी "बरं" म्हणाल्या, दारात भाजीवाला आल्यासारख्या. संपल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, "पण काही झालं नाही."

"काय व्हायला हवं होतं?"

तिने पर्स उचलली आणि जिना उतरली. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली.

मी तिला सोबत म्हणून जायचे, मग मीही बसू लागले. मला शांत वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पाय टेकून गप्प बसले की ती काचेची केबिन समोर यायची. इंद्रजीतचा टाय, प्रियदर्शनीची ती कृतज्ञ नजर, आणि माझा आवाज, "मलाही पन्नासच ऐकू आलं." दिवसभर कामात बुडवून ठेवलेलं ते तीन मिनिटांत वर यायचं. दीड महिना मी तसंच रेटलं. एका बुधवारी बाकीच्या बायका निघून गेल्या आणि जिन्यात मी तिला थांबवलं.

"ती इन्सुलिनची फाइल," मी म्हणाले, "मी ऐकलीच नव्हती."

ती वळली. "म्हणजे?"

"तुझ्या फाइली मी ऐकत नसे. न ऐकताच पुढे पाठवली. इंद्रजीतला खोटं सांगितलं."

गिरणी बंद झाली होती. ती पायरीवर बसली. बोलली तेव्हा आवाज शांत होता, पण तो शांतपणा मला नको होता.

"मी अडीच वर्षं काय विचार केला माहीत आहे का, वेणूताई? चूक माझी एकटीची असती तर मी म्हटलं असतं, लक्ष नव्हतं, पोरगी तापाने फणफणत होती त्या दिवशी. पण तुम्हीपण ऐकलं आणि तुम्हालापण पन्नासच ऐकू आलं. तुमच्यासारख्या बाईला. मग मी म्हटलं, लक्ष देऊनपण जर माणसाला चुकीचं ऐकू येते, तर भरोसा कशावर ठेवायचा? कानावर नाही, डॉक्टरवर नाही, ईसीजीवर नाही."

"मला माफ कर," मी म्हणाले.

"आता नाही करत," ती म्हणाली, आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी इंद्रजीतला सगळं सांगितलं. तो गोंधळला. "मॅडम, अडीच वर्षांपूर्वीची फाइल आहे ती. क्लायंटपण बदलला आपला." मग त्याने नाइलाजाने माझ्या नोंदीत एक शेरा लिहिला. त्या शेऱ्याने कोणाचंच काही भलं झालं नाही.

खरं कळलं आणि भीती पळाली, असं झालं असतं तर किती बरं. उलट पुढचे दोन महिने तिचे वाईट गेले. माझ्याशी ती कामापुरतंही बोलत नसे, फाइल टेबलावर ठेवून निघून जायची. मी तिची प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होते. सिस्टरांकडे जाणं तिने सोडलं होतं. एका रविवारी शंभू माझ्याकडे आला.

"आजकाल ती रागावते, ताई," तो म्हणाला. "माझ्यावर, पोरीवर, भांड्यांवर. आधी नुसती भेत होती. हे बरं का वाईट, मले काही समजत नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले. "माझ्यावर रागावली आहे ते बरोबर आहे."

"ते तर हाये," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी मी वरच्या खोलीत गेले तर ती आधीच येऊन बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. मी दुसऱ्या टोकाला बसले. सिस्टरांनी दोघींकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं." निघताना जिन्यात ती पुढे, मी मागे. शेवटच्या पायरीवर ती थांबली. "तुमच्याशी बोलायला मला वेळ लागेल," असं म्हणून चालू लागली. साधारण वर्ष लागलं.

त्यानंतरची वर्षं सरळ रेषेत गेली नाहीत. पाच मिनिटांची पंधरा झाली, कधी परत तीन. २००६ साली बरं वाटतंय म्हणून तिने कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत पुन्हा बसच्या दारापर्यंत गेली. त्या दिवशी ती सिस्टरांवर ओरडली, की तुमच्या त्या पाय टेकण्याने काय झालं, दोन वर्षं फुकट गेली. सिस्टर म्हणाल्या, "गोळी काय म्हणून बंद केलीस? मी सांगितलं होतं?" ती रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं, मग स्वतः रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, त्या पुढे चार वर्षं चालल्या आणि डॉक्टरांनी मोजूनमापून कमी केल्या.

या सगळ्यात ध्यानाने नक्की काय केलं, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती विचार करून म्हणाली, "आधी भीती आली की मी तिच्या मागे पळायची. ईसीजी, फोन, फाइल परत काढा. आता ती येते आणि मी बसून राहते. ती तेवढीच मोठी आहे जी, लहान नाही झाली. पण मी पळत नाही म्हणून ती लवकर थकते." मग जरा थांबून म्हणाली, "रोज नाही. काही दिवशी पळतेच."

२००९ साली कंपनी बंद झाली. आवाजाचं लिखाण आता मशीन करणार होतं. आम्हाला सगळ्यांना एकेक पत्र मिळालं. मी घरीच बसले. तोपर्यंत वडील गेले होते आणि सिस्टरही. गिरणीवरची खोली मालकाने क्लासवाल्यांना दिली. प्रियदर्शनीला विश्रांतवाडीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम मिळालं. पुन्हा आकडेच. मी म्हटलं, "दुसरं काहीतरी बघ की." ती म्हणाली, "दुसरं मला येत नाही. आणि हे मला चांगलं येते." प्रत्येक रिपोर्ट ती एकदा तपासते आणि सही करणाऱ्या डॉक्टरकडे देते. दुसऱ्यांदा तपासावासा वाटला तर पाय जमिनीवर टेकते. कधी त्याने भागतं. कधी ती दुसऱ्यांदा तपासते.

मागच्या डिसेंबरात मी तिच्याकडे जेवायला गेले होते. श्रद्धेचं बारावीचं वर्ष, ती दार लावून अभ्यासाला बसलेली. शंभूने वांग्याची भाजी केली होती, तिखटजाळ. दुपारी प्रियदर्शनीला डेक्कनला काही काम होतं, म्हणून आम्ही दोघी बरोबरच निघालो. आळंदी रोडच्या स्टॉपवर बस आली. बरीच भरलेली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे बघितलं तर ती खालीच. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला, एक हात छातीवर.

मी उतरले. कंडक्टर "चढायचं तर चढा" असं काहीतरी पुटपुटला आणि बस गेली.

"आली का?" मी विचारलं.

"हो. बऱ्याच दिवसांनी एवढी."

"रिक्षा करू?"

तिने नको म्हणून मान हलवली. आम्ही स्टॉपच्या बाकावर बसलो. शेजारी एक कॉलेजातला मुलगा कानात इअरफोन घालून मान डोलावत होता. रस्त्यावरून ट्रक जात होते. तिने डोळे मिटले नाहीत, चपला काढून तळवे फरशीवर टेकले. मी घड्याळ पाहिलं नाही. तिच्या कपाळावर घाम होता. एकदा तिने माझं मनगट धरलं, घट्ट, नखं रुतेपर्यंत. मग थोडं सैल केलं, सोडलं नाही.

आणखी एक बस आली आणि गेली.

"गेली नाही अजून," ती म्हणाली. "पण पुढची घेऊ."

पुढची आली तेव्हा तिने चपला घातल्या. बसायला जागा नव्हती. दांड्याला धरून आम्ही दोघी उभ्या राहिलो.